कानाला दडे बसले, तर रक्तही तपासा

कानाला अचानक दडे बसले की आपल्या कळंब्यातल्या घरांत आधी लसणाचे तेल तापते. मळ असेल, सर्दी असेल म्हणत आठवडा जातो. बहुतेक वेळा कारण तेवढेच असते, हेही खरे. पण क्वचित रक्ताच्या कर्करोगाची, म्हणजे ल्युकेमियाची, पहिली खूण कानात दिसते. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

ऐकण्याचा खरा अवयव कवटीच्या हाडात, आत असतो. वाटाण्याएवढा शंख, आणि त्याला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या. या सगळ्याला रक्त पुरवते ती केसासारखी बारीक, एकच धमनी. वस्तीला एकच नळ असावा, तसे. तो तुंबला की दुसरीकडून पाणी नाही.

ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू शकतात. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलिटर रक्तात ४ ते ११ हजार असतात. या आजाराच्या काही प्रकारांत लाखांवर जातात. रक्त दाट होते, ती धमनी तुंबते. उलट, प्लेटलेट फार घटल्या तर आतल्या कानातच रक्तस्राव होतो. मग एकाएकी ऐकू येत नाही, कानात शिट्टी वाजते, घर गरगर फिरते, उलट्या होतात. लोक याला पित्त म्हणतात. कोणी अंगारा लावतो आणि मोलाचे दिवस वाया जातात. कधी कर्करोगाच्या पेशी थेट कानात किंवा त्याच्या नसेवरही बसतात.

अचानक बहिरेपण आले तर तेल न घालता त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सीपीआरमध्ये कान-नाक-घसा विभागात जा. मळ आहे की नस बिघडली, हे तपासून कळते. सोबत फिकटपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, वारंवार ताप किंवा डाव्या बरगडीखाली जडपणा असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि सीबीसी करायची का, विचारा. रक्ताची ही साधी तपासणी पुढची दिशा दाखवते. ऐकणे काहींचे परत येते, काहींचे नाही. उशीर झाला की आशा कमी होते.

ज्यांचे उपचार आधीच सुरू आहेत, त्यांनीही कानाची तक्रार लपवू नये. जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे अमिकॅसिनसारखे इंजेक्शनही कानाला इजा करू शकते. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका.

खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कर्करोगावरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात.