सदाफुली : कुंडीत शोभते, काढ्यात नको

सिल्व्हर पार्कमधल्या कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहा, दोन-चार गॅलऱ्यांत तरी सदाफुलीची कुंडी दिसतेच. मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. शोभेसाठी ती जरूर लावावी. पण अनेक जण ती मधुमेहावर औषध म्हणून खातात, म्हणून आजचा हा लेख.

माझ्या दवाखान्यात येणारे एक काका रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चावून खात. गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या. पायाची जखम महिनाभर भरेना, तेव्हा ते आले. साखर तीनशेच्या वर गेली होती. औषधे पुन्हा नियमित सुरू केल्यावर साखर उतरली आणि जखमही भरली.

मग या झाडात औषध नाहीच का? आहे, पण ते वेगळ्याच रोगावर! जमैकात मधुमेहावर या पानांचा चहा घेत. 1952 मध्ये तिथली पाने कॅनडात तपासणीसाठी गेली. डॉ. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना पानांचा अर्क पोटातून दिला, तेव्हा साखरेत विशेष फरक पडला नाही. तोच अर्क टोचल्यावर मात्र उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने दगावले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात हेच विष उपयोगी पडेल, हे लक्षात आले. त्यातून व्हिनब्लास्टिन व पुढे व्हिनक्रिस्टिन ही औषधे मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिनक्रिस्टिन आजही वापरतात.

ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो पाने लागतात. ते वजन-उंचीनुसार मोजून, फक्त शिरेतून आणि रक्ततपासणी करीतच देतात. तरीही हातापायांना मुंग्या येणे, बद्धकोष्ठ होणे असे त्रास होऊ शकतात. म्हणजे घरी पाने चावून कर्करोगही बरा होणार नाही, आणि कोणत्या पानात किती विष आहे याचा हिशेबही लागणार नाही.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा :

- सदाफुलीची पाने, फुले वा काढा पोटात घेऊ नका. गर्भवतींनी तर मुळीच नको.
- मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
- लहान मुले पाने तोंडात घालणार नाहीत, अशा ठिकाणी कुंडी ठेवा.
- पाने खाल्ल्यावर उलट्या, मुंग्या किंवा अशक्तपणा वाटल्यास तडक दवाखाना गाठा, आणि काय खाल्ले ते न लाजता सांगा.