खोट्या तळाची पेटी

२१ डिसेंबर १९०९ची रात्र. नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा खेळ लागलेला. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपासाठीच हा प्रयोग. साहेब आत आले, आणि खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच पिस्तुलाचे बार निघाले. झाडणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे औरंगाबादेत शिकणारा, जेमतेम अठराचा. स्वतःला संपवण्याआधीच त्याला लोकांनी धरलं. जॅक्सन जागीच गेले.

इथवरची गोष्ट नाशिकच्या पोरासोरांना ठाऊक असते. गोल्फ क्लबच्या मैदानाला कान्हेऱ्यांचं नाव आहे, तिथे क्रिकेट खेळत ती मोठी होतात. पण या प्रकरणातला खरा शोध गोळीबारानंतर सुरू झाला. मुद्देमालात होतं पकडलेल्या पोराच्या हातातलं ब्राउनिंग पिस्तूल.

शस्त्रबंदीचे ते दिवस. घरात साधी तलवार ठेवायची तरी परवाना लागे. अशा काळात एका विद्यार्थ्याच्या हाती युरोपातून आलेलं, एकामागून एक गोळ्या झाडणारं नवं कोरं हत्यार आलं कसं? कान्हेरे सुरुवातीला सगळं स्वतःवरच घेत होता. मग गणू वैद्य पोलिसांच्या हाती लागला आणि एकेक नाव बाहेर पडू लागलं. कायद्याचा अभ्यास करणारा कृष्णाजी गोपाळ कर्वे, शाळामास्तर विनायक नारायण देशपांडे. धागा ओढत ओढत तपास तिळभांडेश्वर गल्लीत, सावरकरांच्या घराशी आला.

ते घर पोलिसांना नवं नव्हतं. बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जून १९०९ मध्येच जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यांच्यावरचं प्रकरण वरच्या कोर्टात धाडणारे जॅक्सनच, म्हणून तर त्यांच्यावर गोळी. त्याआधीच्या झडतीत बाबारावांकडे बॉम्ब कसे करायचे याची टंकलिखित पुस्तिका सापडली होती. तसलीच प्रत कलकत्त्याच्या माणिकतळा बागेतल्या छाप्यातही मिळाली होती. नाशिकची एक गल्ली आणि कलकत्त्याची एक बाग एकाच मजकुराने जोडलेल्या होत्या.

पिस्तुलाची वाट मात्र समुद्रापलीकडे जात होती. ती उलगडली एका स्वयंपाक्याने. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा माणूस रांधायचं काम करी. १९०९ च्या आरंभी तो हिंदुस्थानात परतायला निघाला, तेव्हा बाबारावांचे धाकटे भाऊ विनायक सावरकर यांनी त्याच्याजवळ एक पेटी दिली. पेटीला खोटा तळ होता, आणि त्याखाली वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं. मार्चमध्ये पेटी मुंबईला उतरली. तिथून एकेक पिस्तूल हातोहात पुढे सरकलं. चतुर्भुज पुढे माफीचा साक्षीदार झाला आणि कोर्टात उभं राहून त्याने ही पेटी पुन्हा उघडली. सावरकर तेव्हा आरोपींमध्ये होते. जॅक्सनवर गोळ्या सुटल्या त्या रात्री ते नाशकात नव्हते, हिंदुस्थानातच नव्हते. पण आता त्यांना नाशिकशी बांधायला हा लोखंडी दुवा सरकारला पुरेसा होता.

हे प्रकरण नाशिकच्या हौशी नाट्यसंस्थेने उभं करायचं ठरवलं, आणि तेही ‘मूळ जागी’, तर पहिली अडचण इथेच येते. अमेरिकेत टेनेसी राज्यात डेटन म्हणून लहानसं गाव आहे. तिथे १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला. गावातली मंडळी आज त्याच कोर्टाच्या दालनात त्या खटल्याचं नाटक करतात. नाशिकला तसं करता येत नाही. इथे खून झाला तो नाट्यगृहात आणि खटला चालला मुंबईच्या हायकोर्टात. नाटक नाशकात, न्याय मुंबईत. विजयानंद पुढे सिनेमाचं थिएटर झालं.

खटला मुंबईला जाणं हा योगायोग नव्हता. जुलै १९०८ मध्ये टिळकांचा राजद्रोहाचा खटला त्याच हायकोर्टात झाला तेव्हा निदान ज्युरी तरी होती: सात युरोपियन, दोन पारशी. निकालही सात विरुद्ध दोन असाच लागला. ते दोन ‘नाही’ सरकारला बोचले असावेत, असं मला वाटतं. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा आला, की असल्या खटल्यांना हायकोर्टाचे तीन न्यायाधीश बसतील आणि ज्युरी नसेल. नाशिकच्या खटल्यांना हाच कायदा लागला. म्हणून प्रेक्षकांना ज्युरी करून शेवटी हात वर करायला लावायचे, ही कोर्टाच्या नाटकातली लाडकी युक्ती इथे वापरली तर ते धादांत खोटं होईल. या खटल्यात लोकांना विचारलंच गेलं नव्हतं. प्रेक्षकांनी गप्प बसून बघावं, तेच खरं.

दुसरा धोका जॅक्सन यांचा. आपल्या रंगभूमीवर गोरा साहेब आला की तो ‘टुम काला आडमी’ करत मोडकं मराठी बोलू लागतो. जॅक्सन तसे नव्हते. संस्कृताचा आणि इथल्या इतिहासाचा त्यांचा अभ्यास होता, लोक त्यांना पंडित म्हणत. त्यांनी जमवलेल्या लोकरूढींच्या टिपणांचं पुस्तक त्यांच्या मागे एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने संपादित केलं. त्यांच्या तोंडी नीट मराठी घालायला हवी. बाबारावांना अंदमानाच्या वाटेला लावणारा आणि ‘शारदा’ बघायला येणारा माणूस एकच आहे, हे प्रेक्षकाला पचायला जड जाईल. जाऊ द्यावं.

कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. बहुतेक लेखक पडदा तिथेच पाडतील, आणि टाळ्याही मिळतील. मी असतो तर पाडला नसता. कारण मोठा खटला, नाशिक कटाचा, त्यानंतर सप्टेंबरात उभा राहिला. सर बेसिल स्कॉट, नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन हे तीन न्यायाधीश, आणि आरोपी अडतीस. डिसेंबरअखेर सत्तावीस जणांना शिक्षा झाल्या, त्यांत सावरकरांना जन्मठेप. पुढच्या जानेवारीत जॅक्सन प्रकरणात आणखी एक. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन चतुर्भुज बोलतो ते याच खटल्यात. तो खलनायक नाही. हुतात्मा तर नाहीच. ज्यांच्यासाठी काल रांधलं त्यांच्यापैकी एकाकडे बघत, हो, मीच ती पेटी आणली, हे सांगायचं आहे त्याला. कंपनीतल्या सगळ्यात चांगल्या नटाला हीच भूमिका द्यावी.

अडतीस आरोपी म्हणजे अडतीस माणसं, हौशी संस्था एवढी आणणार कुठून? नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत ती मिळतील. एमआयडीसीतली दुसरी पाळी सोडून तालमीला पळणारी मंडळी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेने घडवलेली आहेत. न बोलता दोन तास बाकावर बसायलाही त्यांच्यातले कैक तयार होतील. फक्त भूमिका वाटताना एक गोष्ट आधीच सांगून टाकावी लागेल. मला कान्हेरे द्या, असं जो तो म्हणणार, आणि या अंकात कान्हेरे नाही. त्याला फाशी देऊन पाच महिने झालेत.