सम वर्षांचे, विषम वर्षांचे

पाइनच्या तरुण झाडाची सैल झालेली साल नखाने उचकटली, तर खाली दालचिनीच्या रंगाचा, कागदासारखा चपटा कीटक चिकटून बसलेला दिसतो. लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर. हा अॅराडस सिनॅमोमियस, युरोपातला चपटा ढेकूण. खाटेतल्या ढेकणाचा लांबचा भाऊबंद, पण रक्ताशी त्याचं देणंघेणं नाही. त्याचे बहुतेक सगेसोयरे बुरशीवर जगतात. हा मात्र डोक्यात वेटोळं करून ठेवलेल्या केसासारख्या सुया खोडात खुपसून पाइनचा रस ओढतो.

उत्तर अमेरिकेतल्या पाइनवरचे असे ढेकूण बराच काळ याच जातीचे समजले जात. त्यातल्या काहींना 1980 मध्ये एर्न्स्ट हाइस यांनी अॅराडस कॉर्मिलेव्ही ही वेगळी जात ठरवलं. मध्ये अटलांटिक असताना जाती वेगळ्या होणारच. त्यात नवल नाही.

नवल आहे ते फिनलंडमध्ये. तिथे या ढेकणाला वाढायला दोन वर्षं लागतात. वसंतात अंडी, पहिला हिवाळा पिल्लू म्हणून, दुसरा प्रौढ होऊन, आणि मग पुढच्या वसंतात मीलन. देशाच्या एका बाजूला हे मीलन सम वर्षांत होतं, दुसऱ्या बाजूला विषम वर्षांत. जिथे हे दोन्ही गट एकाच जंगलात नांदतात, तिथेही एकाच्या लग्नसराईत दुसऱ्याची पिल्लंच असतात. गाठ पडणार कशी? एखादा ढेकूण वर्षभर आधी किंवा उशिरा वयात आला, तरच.

कारी हेलिओव्हारा आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एकत्र राहणाऱ्या या दोन गटांची तुलना केली, तेव्हा त्यांच्यात जनुकीय फरक दिसले. पंखांची गोष्टही याला जोडून येते. नराचे पंख इतके अरुंद की उडणं शक्यच नाही. बहुतेक माद्यांचे पंखही खुरटेच. पूर्ण पंखांच्या मोजक्या माद्या दूर जातात. पण अंडी त्याच वर्षी घातली जातात, त्यामुळे अंतर ओलांडलं तरी कॅलेंडर ओलांडलं जात नाही.

या दोन गटांना स्वतंत्र जाती म्हणावं का? माझ्या मते घाई नको. दिसायला ते सारखेच, आणि चुकार ढेकूण अधूनमधून ही भिंत ओलांडत असतील, तर फरक वाढत जाणं अवघड. सध्या ती एकच जात आहे, फक्त तिच्या दोन शाखा एकमेकींना चुकवत जगतात.