अळीचे वर्णन कोणी लिहावे? : कृषी संकेतस्थळे आणि दिव्यांग शेतकरी

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची माहिती देणारे एखादे सरकारी पृष्ठ उघडावे. वरच्या बाजूस अळीचे मोठे, स्वच्छ छायाचित्र असते आणि त्याखाली 'चित्रात दाखविल्याप्रमाणे अळी ओळखावी' अशी एक ओळ. डोळस वाचकाला तेवढे पुरते. तेच पृष्ठ दृष्टिहीन शेतकरी मोबाईलमधील स्क्रीन रीडरकडून, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीकडून ऐकतो, तेव्हा बहुधा त्याच्या कानी पडते ते असे : 'प्रतिमा, आयएमजी, शून्य, शून्य, चार, सात, डॉट, जेपीजी. चित्रात दाखविल्याप्रमाणे अळी ओळखावी.' कॅमेऱ्याने छायाचित्राला दिलेला अनुक्रमांक, एवढीच अळीची ओळख त्याच्यापर्यंत पोहोचते.

असा शेतकरी अपवादात्मक असेल, हा समज सोडून दिलेला बरा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी १ कोटी ८६ लाख ग्रामीण भागात राहत होत्या. मोतीबिंदू पिकू लागलेले, चाळिशीचा चष्मा वेळेवर न मिळालेले, वयोमानाने ऐकू कमी येणारे असंख्य शेतकरी या गणतीत धरलेलेही नाहीत. शिवाय शेती हा व्यवसाय स्वतःच पुष्कळांना दिव्यांगत्व देतो. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत बोटे गमावलेला माणूस सापडणार नाही असे गाव विरळाच. त्या माणसाला पडद्यावरच्या बारीकशा बटणावर नेमके बोट टेकवणे हेच दुष्कर असते.

मध्यंतरीच्या काळात शेतीचे बरेचसे सरकारी व्यवहार संकेतस्थळांवर आणि ॲपवर गेले. पीएम-किसान योजनेचे वर्षाकाठी सहा हजार रुपये मिळण्यासाठी ई-केवायसी आवश्यक ठरले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. त्यासाठी दूरध्वनीचाही मार्ग आहे. परंतु ज्याने मोबाईलवर अर्ज भरावयास घेतला, त्याच्यापुढे वाकडीतिकडी अक्षरे ओळखून टंकण्याची अट आली आणि त्या अक्षरांना ध्वनीचा पर्याय नसला, की दृष्टिहीन अर्जदार तेथेच थबकतो. मग शेजाऱ्याला, पुतण्याला किंवा सेवा केंद्रातल्या चालकाला आपला आधार क्रमांक, बँक खाते आणि ओटीपी सांगणे ओघाने येते. ७२ तासांतील किती तास असा माणूस शोधण्यात जातात, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. २०२३ मधील त्यांची तिसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांवर बेतलेली आहे. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ शिफारशीच्या रूपातील नियम अधिनियमाशी सुसंगत नाहीत, असे ठरवून बंधनकारक नियम करण्यास शासनाला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. डोळ्यांची उघडझाप करू न शकणाऱ्या ॲसिडहल्लापीडितांना ई-केवायसी करता येत नव्हते, हे त्या खटल्याचे एक कारण होते.

एवढे झाल्यावर संस्था सहसा जे करतात, ते पाहण्यासारखे आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदाराला सूचना जाते आणि काही दिवसांत पृष्ठाच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करणारी बटणे, रंग पालटणारे एक बटण आणि चाकाच्या खुर्चीचे एक चिन्ह अवतरते. ही साधने निरुपयोगी नाहीत. परंतु दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमध्ये तिचे स्वतःचे स्क्रीन रीडर असतेच. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञांनी घडविलेले, २००६ मध्ये सुरू झालेले एनव्हीडीए हे संगणकासाठीचे स्क्रीन रीडर विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. वाचणारा तयार आहे. त्याला वाचावयास देण्याजोगा मजकूर पृष्ठावर नाही, ही खरी अडचण आहे आणि ती कंत्राटदाराला सोडविता येण्यासारखी नाही. अळीच्या छायाचित्रामागे जोडावयाचा पर्यायी मजकूर त्याने लिहिलाच, तर 'पानावरील हिरवी अळी' असा लिहील. शेतातल्या निम्म्या अळ्यांना हे वर्णन लागू पडते.

तो मजकूर कीटकशास्त्रज्ञानेच लिहावयास हवा. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा येथे अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली, तेव्हा तिला आपल्याकडील जुन्या लष्करी अळीपासून वेगळे ओळखणे हेच पहिले काम होते. ओळखीच्या दोन खुणा सर्वत्र सांगितल्या गेल्या : डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे काढावे तशी फिकट खूण आणि शेपटीकडील आठव्या उदरखंडावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे चार काळे ठिपके. पर्यायी मजकुरात एवढेच दोन वाक्यांत आले, तरी छायाचित्राचे काम झाले. मात्र ज्याने इंग्रजी अक्षर कधी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी 'उलटा वाय' हे वर्णन कोरडेच राहील. 'बेचकी उलटी धरल्यासारखी खूण' असे म्हटले, तर ती बेचकी लहानपणी हाताळलेली असते. उपमा कोणती घ्यावी हा लहानसा निर्णय आहे; तो घेण्यासाठी अळीही ठाऊक हवी आणि गावही.

येथे एक प्रश्न रास्तपणे विचारला जातो : ज्याला अळी दिसतच नाही, त्याला तिच्या ठिपक्यांचे वर्णन देऊन काय साधणार? एक तर तो शेतकरी एकटा शेती करीत नसतो. घरच्यांना किंवा मजुरांना काय पाहावे हे तोच सांगतो आणि निर्णयही तोच घेतो. दुसरे असे, की किडीची लक्षणे डोळ्यांनाच कळतात हा डोळसांचा समज आहे. मक्याच्या पोंग्यात बोट घातले असता ओल्या लाकडी भुशासारखी विष्ठा लागते. ज्वारीवरील खोडमाशीने झालेली पोंगेमर हाताने ओढली की अलगद निघून येते आणि तिला कुजका वास येतो. भंडारा-गोंदियाकडील भातशेतीत गादमाशीमुळे पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होते. ती चिमटीत धरताच कळते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते आणि फूल उमलण्याऐवजी मिटलेले राहते. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. तिच्या चिकटलेल्या पाकळ्या बोटांना सहज जाणवतात. ही सारी लक्षणे कीटकशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत आहेत. छायाचित्र काढणे सोपे झाले आणि संकेतस्थळावरील मजकुरातून स्पर्श व वास हळूहळू गळून गेले.

कीटकशास्त्राला तर हे विशेष लक्षात राहावयास हवे. तरुणपणीच दृष्टी गमावलेले जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबेर (१७५०-१८३१) यांनी मधमाश्यांच्या जीवनक्रमाविषयी केलेले काम या शास्त्राच्या पायाभूत कामांत मोजले जाते. राणीमाशीचे मीलन पोळ्याबाहेर होते, हे त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले. प्रश्न आणि प्रयोगाची मांडणी ह्यूबेर यांची असे. पाहण्याचे काम त्यांचे सहायक फ्रांस्वा ब्यूर्नेन्स करीत आणि पाहिलेले शब्दांत सांगत. १७९२ मध्ये प्रसिद्ध झालेला ह्यूबेर यांचा ग्रंथ अशा ऐकीव निरीक्षणांवर उभा आहे. सहायकाचे वर्णन ढिसाळ असते, तर ग्रंथही ढिसाळ झाला असता.

मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक अडथळा आहे आणि तो संशोधन संस्थांच्या कार्यालयांत रोज नव्याने निर्माण होतो. अनेक पुस्तिका आणि घडीपत्रिका आजही कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होतात व त्यांची पीडीएफ तशीच चढविली जाते. अशा फाँटमध्ये पडद्यावर दिसते देवनागरी, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. 'कापूस' हा शब्द कृतिदेवमध्ये टंकला, तर स्क्रीन रीडरला तेथे 'डी, के, आय, डब्ल्यू, एल' ही पाच अक्षरे आढळतात आणि तो ती इमानाने वाचून दाखवितो. चाळीस पानांची पुस्तिका अशा रीतीने ऐकणे अशक्यच. हाच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर नीट ऐकू येतो. शिवाय शोधयंत्रालाही सापडतो, म्हणजे डोळस शेतकऱ्याचाही लाभ होतो. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, त्यामुळे तंत्रज्ञान नवे असल्याची सबब येथे चालणार नाही. सवय जुनी आहे, इतकेच.

युनिकोड झाल्यावरही पृष्ठ मराठी असल्याची खूण त्याच्या संहितेत नोंदवावी लागते. ती नसल्यास देवनागरी मजकूर अनेकदा हिंदी आवाजात वाचला जातो. 'चारा' मधला 'च' आणि 'चार' मधला 'च' मराठी कानाला निराळे आहेत. हिंदी आवाजाला ते सारखेच. समजण्यापुरते समजते, पण 'जाळी', 'झाड', 'चाळणी' हे शब्द परके होऊन कानी येतात.

सर्वांत धोक्याची जागा कीटकनाशकांच्या मात्रेचा तक्ता ही आहे. हा तक्ता पुष्कळदा छापील पानाचे छायाचित्र म्हणून चढविला जातो. मक्यावरील लष्करी अळीसाठी क्लोरँट्रॅनिलीप्रोल १८.५ टक्के एससी हे ०.४ मिली प्रति लिटर पाणी या प्रमाणात सांगितले जाते. छायाचित्रातून अक्षरे ओळखताना दशांश चिन्ह सुटले, तर मात्रा दहापट होते. तक्ता मजकुराच्या रूपात असला, तरी त्याच्या स्तंभांना शीर्षके जोडलेली नसतील, तर ऐकणाऱ्याला 'अठरा पूर्णांक पाच', 'शून्य पूर्णांक चार' असे सुटे आकडे ऐकू येतात. कोणता आकडा औषधाची तीव्रता आणि कोणता मात्रा, हे त्याने ताडावयाचे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे ध्यानात ठेवल्यास या तक्त्याकडे मांडणीचा किरकोळ तपशील म्हणून पाहता येत नाही.

रंगांविषयीही असेच. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार डब्यावरील चौकटीत विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, आणि त्याच चौकटीत 'विष', 'धोका', 'सावधान' अशा अर्थाचा शब्दही छापावा लागतो. रंग ओळखू न येणाऱ्या माणसाची सोय पन्नास वर्षांपूर्वीच्या या नियमाने करून ठेवली आहे. संकेतस्थळांवर मात्र तक्त्यात नुसते रंगीत गोल येतात आणि शब्द गाळला जातो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ : १ असावी, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. कृषी संकेतस्थळांना फिकट हिरव्यावर गडद हिरवे लिहिण्याचा मोठा सोस; तो या निकषावर तपासून घ्यावा. भर उन्हात बांधावर उभे राहून मोबाईल पाहणाऱ्या धडधाकट शेतकऱ्याचीही तक्रार हीच असते.

कर्णबधिर शेतकऱ्यांसाठी चित्रफितींना मराठी उपशीर्षके हवीत. यंत्राने आपोआप उमटविलेली उपशीर्षके किडींची आणि औषधांची नावे हमखास बिघडवितात. ती तज्ज्ञाने वाचून दुरुस्त केल्याखेरीज प्रसिद्ध करू नयेत. नवी दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या दहा हजार शब्दांच्या कोशात शेतीविषयक संज्ञांचाही समावेश आहे, हे फार थोड्या कृषी संस्थांना ठाऊक असावे.

संस्थांच्या दप्तरी हजारो जुनी छायाचित्रे आहेत आणि त्या सर्वांना वर्णने जोडणे एका वर्षाचे काम नव्हे. दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रांना थांबता येईल. खरिपाच्या तोंडावर सर्वाधिक उघडली जाणारी पृष्ठे, म्हणजे कपाशी, सोयाबीन, मका, तूर आणि भात यांच्या किडींची, ती आधी घ्यावीत. प्रत्येक छायाचित्राला एक-दोन वाक्यांचा पर्यायी मजकूर द्यावा आणि लक्षणांचे सविस्तर वर्णन खाली सर्वांना दिसेल असे लिहावे. मग ते पृष्ठ एखाद्या दृष्टिहीन शेतकऱ्याला त्याच्याच फोनवर ऐकावयास द्यावे, त्याच्या शेजारी गप्प बसावे आणि तो कोठे अडतो ते टिपून घ्यावे. पडदा बंद ठेवून आपल्याच संस्थेचे पृष्ठ एकदा ऐकणे हा तर कोणत्याही शास्त्रज्ञाला चहाच्या सुट्टीत करता येण्याजोगा प्रयोग आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक या नावाने ही सोय असते. ती सुरू केली, की बोट फिरवावे तेथला मजकूर ऐकू येतो, आणि पहिल्या छायाचित्रावर बोट गेले, की 'आयएमजी, शून्य, शून्य, चार, सात'.