तीन टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे

समजा, चीनमधल्या एका कारखान्याची वार्षिक विक्री ३० कोटी युआन आहे आणि नफा ३ कोटी. नेहमीच्या २५ टक्के दराने कर होतो ७५ लाख. सरकारने त्याला ‘उच्च तंत्रज्ञान उद्योग’ म्हणून मान्यता दिली, तर दर १५ टक्के आणि कर ४५ लाख. २००८ च्या नियमांनुसार एवढ्या विक्रीच्या कंपनीला त्यासाठी, इतर अटींबरोबर, विक्रीच्या किमान ३ टक्के रक्कम संशोधनावर खर्च करावी लागे. म्हणजे ९० लाख. खर्च ८४ लाखांवर अडकला असेल, तर आणखी ६ लाख घातले की ३० लाख वाचतात. कोणता मालक अलीकडे थांबेल?

झाओ चेन आणि त्यांच्या तीन सहकारी अर्थतज्ज्ञांचा याबद्दलचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपन्या नेमक्या त्या टक्क्यावर दाटी करून उभ्या असलेल्या त्यांना दिसल्या. दाखवलेल्या संशोधनखर्चात झालेल्या वाढीपैकी सुमारे २४ टक्के भाग म्हणजे प्रशासकीय खर्चाचं नुसतं बदललेलं खातं होता. पण उरलेली वाढ खरी होती. ही बाजूही मला तेवढीच महत्त्वाची वाटते.

मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या संशोधन विभागांचे हिशेब पाहते. खातं कसं बदलतं, ते तिथे कळतं. एखादा इंजिनिअर सकाळी उत्पादनाच्या लाइनवर असतो आणि दुपारी नव्या डायच्या डिझाइनवर बसतो. त्याचा पगार कुठे टाकायचा, हे टाइमशीट ठरवते. पन्नास नग वाया गेले, तर ती ट्रायल होती की रिजेक्शन? नोंद त्याच दिवशी झाली नसेल, तर मार्चमध्ये सोयीचं उत्तर सापडतं.

आपल्याकडे असा उंबरठा नव्हता. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली, मान्यताप्राप्त संशोधन विभागाच्या प्रत्येक रुपयावर जादा वजावट मिळे. २०१० च्या अर्थसंकल्पाने ती २०० टक्के केली. एप्रिल २०१७ पासून ती १५० आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. जमीन आणि इमारत त्यातून वगळलेली, हिशेब वेगळे ठेवण्याची सक्ती. ही सक्ती मला फार मोलाची वाटते.

संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के खर्च व्हावा, हे २००३ च्या विज्ञान धोरणातलं उद्दिष्ट होतं. २०२०-२१ मध्ये प्रमाण होतं ०.६४ टक्के. कंपनीच्या बजेटच्या बैठकीत मी त्या २ टक्क्यांचा उल्लेख कधी ऐकलेला नाही. तिथे ‘वेटेड डिडक्शन’वर, म्हणजे त्या जादा वजावटीवर, तासभर बोलणं होई. देशाचा टक्का कुणा एकाच्या ताळेबंदात येत नाही, कर मात्र प्रत्येकाच्या येतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी संशोधनाला बळ देण्यासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून पैसा घेणाऱ्या कंपनीकडे खर्चाचा आकडा मागण्याआधी त्या-त्या दिवशी भरलेली टाइमशीट मागावी, फसलेल्या ट्रायल्सच्या नोंदी मागाव्यात आणि तीन वर्षांनी तोच इंजिनिअर त्याच कामावर आहे का, हे जाऊन पाहावं.