इतरांच्या शिस्तीवर उभे असलेले शहर

मे 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मिडटाउन मॅडनेस' हा संगणकावरचा खेळ बाजारात आणला. तो घडवला होता कॅलिफोर्नियातल्या एंजल स्टुडिओज या कंपनीने, आणि त्यातले शहर होते शिकागो. तोवर मोटारींचे बहुतेक खेळ शर्यतीचे असत. बंदिस्त ट्रॅक, दोन्ही बाजूंना कठडे आणि ठरलेल्या फेऱ्या. कठड्यापलीकडे दिसणारी घरेदारे केवळ देखाव्यापुरती. इथे शिकागोचा मध्यभाग खुला करून दिलेला होता. शर्यतीतसुद्धा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कोणत्या रस्त्याने पोचायचे हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे. शर्यत नकोच असेल तर 'क्रूझ' हा प्रकार निवडून नुसते भटकायचे, डोक्यावरून धडधडत जाणारी 'एल' रेल्वे पाहायची, सीअर्स टॉवर शोधायचा, नदीवरचा पूल उघडत असताना गाडी भरधाव सोडून पलीकडच्या तुकड्यावर झेप घ्यायची. अशा खेळांना आज 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. महाराष्ट्रातही ज्यांच्या घरी त्या काळात पहिला संगणक आला, त्यांच्यातल्या अनेकांनी अमेरिकेतले एखादे शहर रस्त्यांनिशी ओळखले ते याच खेळामुळे.

या खेळांची गोडी कशात आहे असे विचारले, तर बहुधा स्वातंत्र्य हे उत्तर मिळते. सिग्नल तोडा, उलट्या दिशेने जा, बागेतून गाडी घाला, कोणी अडवत नाही. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. मोकळ्या माळरानावर याहून जास्त मोकळीक असते, तरी तिथे गाडी फिरवण्याचा पाच मिनिटांत कंटाळा येईल. माझे म्हणणे असे की शहरातल्या या खेळात जी मोकळीक जाणवते ती रस्त्यावरच्या इतर सगळ्यांच्या शिस्तीतून आलेली असते. पत्त्यांच्या डावात लबाडी करता येते ती बाकीचे खेळाडू नियमाने खेळत असतात म्हणूनच. सगळेच लबाडी करू लागले तर डावच उरत नाही. मिडटाउन मॅडनेसमधला सिग्नल लाल झाला की बाकीच्या गाड्या थांबतात. त्या आपापल्या लेनमधून जातात, वळायचे तिथेच वळतात. म्हणून खेळणारा सिग्नल तोडून चौकात घुसतो तेव्हा त्याच्या त्या कृतीला काही अर्थ येतो.

ही शिस्त खेळात आणली कशी जाते हे समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यावर जी सर्वसाधारण वाहतूक दिसते, तिच्यातली प्रत्येक गाडी स्वतंत्र बुद्धीने चालत नसते. रस्त्यांवर अदृश्य रेषा आधीच आखून ठेवलेल्या असतात आणि गाड्या त्या रेषांवरून पुढे सरकतात. सिग्नल कोणता आहे, पुढची गाडी किती अंतरावर आहे, एवढेच त्यांना तपासायचे असते. कोणी येऊन धडकले तर मात्र ती रेषा सुटते आणि वजन, वेग, घर्षण यांचे गणित लागू होऊन गाडी गरगरत फेकली जाते. संगणकाची ताकद मर्यादित असल्यामुळे बहुतेक अशा खेळांत वाहतूक असते ती खेळणाऱ्याच्या अवतीभवतीच. तो जसजसा पुढे जाईल तसतशा मागच्या गाड्या काढून घेतल्या जातात आणि पुढे नव्या सोडल्या जातात. म्हणजे सारे शहर एकाच माणसाभोवती चालते. तरीही ते त्याची पर्वा न करता आपल्या कामाला निघाले आहे असा भास निर्माण करावा लागतो, आणि माझ्या मते या खेळांच्या निर्मात्यांची खरी कारागिरी इथे आहे. इमारतींची हुबेहूब चित्रे काढणे त्या मानाने सोपे.

यावर कोणी म्हणेल की वाहतूक ही पार्श्वभूमी आहे, मुख्य आकर्षण गाडी आणि वेग हेच. याचे उत्तर त्याच खेळात मिळते. क्रूझ प्रकारात वाहने किती, पादचारी किती, पोलीस किती, हवा कशी, वेळ कोणती, हे सगळे खेळणाऱ्याला कमीजास्त करता येते. वाहतूक अगदी कमी केली की गाडी तीच राहते, वेग वाढवायला उलट जास्त वाव मिळतो, आणि शहर मात्र मेल्यासारखे होते. दुसरा पुरावा 'सर्किट' प्रकाराचा. त्यात आडवे रस्ते अडथळे लावून बंद केलेले असतात आणि ठरलेल्या मार्गावर फेऱ्या मारायच्या असतात. गाड्या त्याच, रस्तेही शिकागोचेच, पण खेळ पुन्हा जुन्या शर्यतींसारखा होऊन बसतो. शिकागो निवडण्यामागे ते शहर चित्रपटांमुळे ओळखीचे असणे हा भाग होताच, पण त्याची आखणीही अशा खेळाला फार सोयीची आहे. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे छेदतात तिथून घरांचे क्रमांक चारी दिशांना मोजले जातात आणि बहुतेक रस्ते एकमेकांना काटकोनात कापतात. अशा जाळीदार शहरात कुठेही पोचायला दहा वाटा असतात, आणि प्रत्येक चौकात दुसऱ्या कोणाची तरी वाट आपल्याला आडवी येते.

या खेळाच्या जन्माची एक हकिगत मला महत्त्वाची वाटते. त्याची कल्पना मायक्रोसॉफ्टच्या दोन कर्मचाऱ्यांना पॅरिसमध्ये सुचली, आणि ती गाडी चालवताना सुचली नाही. ते दोघे तिथला एक गजबजलेला रस्ता पायी ओलांडण्याची धडपड करत होते. खेळातल्या पादचाऱ्यांकडे पाहिले की त्याचा माग लागतो. मिडटाउन मॅडनेसमध्ये पादचाऱ्याला चिरडता येत नाही. गाडी अंगावर येताना दिसली की तो उडी मारून बाजूला होतो, भिंतीला चिकटतो, कसाही निसटतो. याच सुमारास 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेत माणसे गाडीखाली येत होती आणि त्यावरून इंग्लंड-अमेरिकेत मोठे वाद झडत होते. एंजल स्टुडिओजने घेतलेला निर्णय सोज्वळपणाचा म्हणून सोडून देऊ नये. रस्त्यावरचा माणूस हा शहराचा भाग आहे आणि त्याला स्वतःचा जीव वाचवण्याची बुद्धी आहे, एवढे तरी त्या खेळाने मानले. पॅरिस शहर मिडटाउन मॅडनेसच्या मालिकेत यायला पुढे 2003 साल उजाडले. तो तिसरा भाग स्वीडनच्या डाइस कंपनीने केला.

1999 मध्येच इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रिफ्लेक्शन्स कंपनीचा 'ड्रायव्हर' आला. मायामी, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क ही त्यातली शहरे, आणि अमेरिकन चित्रपटांतले गाड्यांचे पाठलाग ही त्याची प्रेरणा. त्यात पोलिसांसमोर सिग्नल तोडला किंवा वेगमर्यादा ओलांडली की पडद्यावरची गुन्ह्याची पट्टी वाढत जाई. मोकळ्या रस्त्यावर भरधाव आणि पोलिसांची गाडी दिसताच सभ्यपणे लेनमध्ये, असे आलटून पालटून वागावे लागे. नियम पाळण्यातही कौशल्य आणि उत्कंठा असू शकते हे त्या खेळाने दाखवले. 2002 च्या 'द गेटअवे'मध्ये लंडन होते, आणि त्यात पडद्यावर नकाशाच ठेवलेला नव्हता; गाडीचा डावा किंवा उजवा इंडिकेटर लुकलुकला की त्या बाजूला वळायचे. नजर नकाशावरून उठून रस्त्यावर आली. याच वाटेवरचे सर्वांत धाडसी पाऊल मला 2011 च्या 'ड्रायव्हर : सॅन फ्रान्सिस्को'मध्ये दिसते. त्याचा नायक जॉन टॅनर अपघातानंतर बेशुद्धावस्थेत आहे, आणि त्या अवस्थेत तो रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीच्या चालकात शिरू शकतो. खेळणारा एखाद्या अनोळखी गाडीत पोचतो तेव्हा शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलेले असते आणि त्यांचे बोलणे चाललेले असते. ज्या गाड्यांना वर्षानुवर्षे केवळ अडथळा समजून हुलकावणी दिली, त्यांत आपापली चिंता घेऊन निघालेली माणसे बसली आहेत हे एका खेळाने इतक्या थेटपणे सांगावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता या शहरांत काय नसते ते पाहू, कारण माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू तिथे आहे. त्यांत पार्किंग शोधावे लागत नाही. तासभर कोंडी होत नाही. धूर श्वासात जात नाही, पेट्रोलचे पैसे मोजावे लागत नाहीत. 2013 च्या 'सिमसिटी' या शहर वसवण्याच्या खेळाचे प्रमुख रचनाकार स्टोन लिब्रांड यांनी खऱ्या शहरांतली दुकाने आणि त्यांच्यापुढची पार्किंगची मैदाने मोजून पाहिली होती. मैदाने इतकी मोठी निघाली की खरे प्रमाण ठेवले तर खेळ पार्किंगने भरून जाईल आणि कंटाळवाणा होईल, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून पार्किंग बहुतांशी जमिनीखाली आहे असे मानून घ्यायचे ठरले. कोणतीही कला वास्तवातले काही गाळतेच, मग यात वेगळे काय, असा आक्षेप इथे रास्त आहे. गाळण्याला माझी हरकत नाही. पण गाळलेल्या गोष्टी पाहिल्या तर त्या सगळ्या एकाच जातीच्या निघतात. मोटारीची शहराला आणि चालवणाऱ्याला जी किंमत मोजावी लागते, तेवढीच नेमकी काढून टाकलेली असते. मोटारीच्या जाहिरातीही हेच करतात. खेळाला मात्र या वगळण्याखेरीज गत्यंतर नसते, कारण कोंडीत अडकण्यासाठी कोणी खेळ विकत घेणार नाही. म्हणून खेळाला दोष न देताही पाहणाऱ्याने हे ओळखून असायला हवे.

सर्वांत गंभीर आक्षेप परिणामांचा. 2007 मध्ये जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतीच्या खेळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. असे खेळ जास्त खेळणाऱ्यांनी रस्त्यावर स्पर्धेच्या वृत्तीने गाडी चालवत असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. प्रयोगातही, शर्यतीचा खेळ नुकताच खेळलेल्या तरुण पुरुषांनी संगणकावर दाखवलेल्या धोक्याच्या प्रसंगांत इतरांपेक्षा जास्त जोखीम पत्करली. यातला पहिला निष्कर्ष सावधपणे घ्यावा लागतो, कारण बेदरकार स्वभावाची माणसे असे खेळ मुळातच जास्त निवडत असतील. दुसरा निष्कर्ष खेळानंतरच्या थोड्या वेळापुरता आहे, पण तो झटकून टाकता येत नाही. नुकते लायसन्स मिळालेल्या मुलाच्या पालकांनी काळजी केली तर ती अनाठायी नाही. फक्त या काळजीचा रोख बहुधा वेगावर असतो, आणि मला तो थोडा चुकीच्या जागी वाटतो. खेळ वेगापेक्षा घातक अशी एक गोष्ट शिकवू शकतो: बाकीचे सगळे नियमाने वागतील, पादचारी वेळेत उडी मारेल, समोरचा आपल्या लेनमध्येच राहील, ही खात्री. खेळात ती निर्मात्याने दिलेली असते. खऱ्या रस्त्यावर ती कोणीही देत नाही.

खेळांतली ही वाहतूक आता करमणुकीपुरती राहिलेली नाही. 2016 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठाच्या आणि इंटेलच्या संशोधकांनी 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' या खेळातली सुमारे 25 हजार दृश्ये घेऊन रस्ता, वाहन आणि माणूस ओळखायला संगणकाला शिकवण्यासाठी ती वापरली. पुढच्याच वर्षी आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या चाचणीसाठी 'कार्ला' हे मुक्त सॉफ्टवेअर आले. ते ज्या अनरिअल इंजिनवर उभे आहे ते मुळात व्हिडिओ गेमसाठी घडवलेले आहे. कार्लात आज एक सोय अशी आहे की रस्त्यावरच्या गाड्यांनी सिग्नल किती टक्के वेळा धुडकावायचा हा आकडा संशोधकाला ठरवता येतो. खेळातल्या शहराचा जो पाया होता तोच इथे हलवून पाहण्याची गोष्ट झाली, आणि तेच योग्य आहे.

पुणे किंवा मुंबईवर असा खेळ का नाही, हा प्रश्न मराठी तरुणांच्या मनात येतोच. पैसा आणि बाजारपेठ ही कारणे आहेतच, पण रचनेतलीही एक अडचण आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवरून 10 हजार चित्रांचा संच तयार केला, कारण युरोपातल्या रस्त्यांवर शिकलेला संगणक इथे गोंधळत होता. त्यांना वर्गवारीच बदलावी लागली. रिक्षा आणि जनावरे यांचे स्वतंत्र वर्ग करावे लागले. रस्ता नाही पण गाडी जाऊ शकते अशा कडेच्या मातीच्या पट्ट्यालाही वेगळा वर्ग द्यावा लागला, कारण रस्ता संपतो कुठे हेच इथे पक्के नसते. अदृश्य रेषांवर गाड्या सोडण्याची रीत अशा रस्त्यावर कोलमडते. पुण्यात दुचाकीवाला दोन बसमधली फट पाहून ठरवतो, रिक्षावाला समोरच्याचा वेग पाहून वळतो, रस्ता ओलांडणारा हात पुढे करून गाड्यांना थांबवतो. इथला नियम क्षणोक्षणी, समोरासमोर ठरत असतो. त्यामुळे पुण्यावरच्या खेळात सिग्नल तोडण्यात काहीच थरार उरणार नाही. तिथे खेळणाऱ्याला दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखावे लागेल, आणि रस्त्यावरच्या इतरांनाही त्याच्या मनातले ओळखण्याची बुद्धी द्यावी लागेल. असा खेळ कोणी केला तर त्याची सुरुवात रस्ता ओलांडणाऱ्या माणसापासून करावी; पॅरिसच्या त्या रस्त्यावर मिडटाउन मॅडनेसची कल्पना तशीच सुरू झाली होती.