माशांच्या पिलांचा घास

आपल्या वर्धा जिल्ह्यात पूर्वी घरी मासे पाळायचे म्हणजे विहिरीत किंवा टाक्यात चार मासे सोडायचे, एवढेच ठाऊक होते. आता घराघरांत काचेची पेटी आली. तिच्यात गप्पी, मोली, गोल्डफिश फिरू लागले. आणि मग एखाद्या सकाळी मुले ओरडत येतात, "आई, माशाला पिल्लं झाली!" सगळे घर पेटीभोवती गोळा होते. पण आठ-दहा दिवसांत बहुतेक पिले दिसेनाशी होतात. काहींना मोठे मासे गिळतात, ही गोष्ट खरी. मात्र वेगळी ठेवलेली पिलेही मरतात आणि त्याचे कारण बहुधा खाण्यातच असते.

आमच्याही घरी असे झाले. मोलीला तिसेक पिले झाली. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक द्यावा, असे कोणीतरी सांगितले होते. मी अर्धा बलक चुरून टाकला. बाळे आहेत, पोटभर खाऊ द्या, असा विचार. सकाळी पाणी दुधासारखे पांढरे झाले होते, वास येत होता आणि तीनच पिले जिवंत होती. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पिले उपाशी मेली नव्हती. माझ्या हातच्या अन्नाने त्यांचे पाणी नासवले होते.

माशाच्या पिलाला काय द्यायचे, हे त्याच्या तोंडाच्या आकारावर ठरते. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासे अंडी न घालता जिवंत पिले देतात. गप्पीचे पिलू जन्मताना साधारण सहा-सात मिलिमीटरचे असते आणि लगेच पोहू लागते. गोल्डफिश, गुरामी, फायटर, एंजल यांची पिले अंड्यांतून बाहेर येतात आणि फारच लहान असतात. त्यांच्या पोटाला बलकाची पिशवी असते. पहिले दोन-तीन दिवस, काही जातींत त्याहून थोडे अधिक, ती हीच शिदोरी खातात. या काळात वरून काहीही टाकू नये. पिलू काचेला किंवा पानाला चिकटणे सोडून मोकळे पोहू लागले, की त्याला पहिला घास हवा. तो वेळेवर मिळाला नाही, तर एक-दोन दिवसांत पिलू इतके अशक्त होते, की पुढे अन्न दिले तरी खात नाही.

हे शास्त्र नवीन नाही. तलावात मत्स्यशेती करणाऱ्यांना ते चांगले माहीत आहे. रोहू, कटला, मृगळ यांच्या नुकत्या जन्मलेल्या पिलांना ते 'मत्स्यजिरे' म्हणतात. जिऱ्याएवढे, म्हणून जिरे! पुढे त्यांचे मत्स्यबीज होते आणि बोटाएवढे वाढले की बोटुकली. हे जिरे सोडण्याच्या काही दिवस आधी संगोपन तळ्यात शेण टाकतात. मासे शेण खातात म्हणून नव्हे. शेणामुळे पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढते, शेवाळावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढतात आणि ते जीव पिले खातात. जोडीला भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, अगदी बारीक दळून देतात. म्हणजे जिवंत खाद्य आणि पूरक खाद्य, दोन्ही. आपल्या पेटीतही हेच करायचे आहे, फक्त शेणाशिवाय.

सर्वांत लहान पिलांसाठी घरच्या घरी सूक्ष्मजीव वाढवता येतात. काचेच्या बरणीत पेटीतलेच जुने पाणी घ्यावे. त्यात मूठभर वाळलेले गवत, धानाची तणस किंवा केळीच्या सालीचा लहान तुकडा टाकावा. तोंडाला पातळ फडके बांधून बरणी उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावी. पाणी आधी गढूळ होते, थोडा वासही येतो. चार-पाच दिवसांत ते निवळू लागते. मग उजेडासमोर धरल्यास धुळीच्या कणांसारखे काही हलताना दिसते. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला पॅरामेशियम यांतलाच. हे पाणी ड्रॉपरने थोडे थोडे पिलांच्या पेटीत सोडावे. गुरामी आणि फायटरच्या पिलांना पहिला आठवडा याचाच आधार असतो.

फडके बांधायला मात्र विसरू नका. उघड्या बरणीत आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. माशांना अळ्या आवडतात हे खरे, पण नवजात पिलाच्या तोंडात त्या मावत नाहीत आणि पिलांसाठी म्हणून घरात डेंग्यूचे डास वाढवणे कोणालाच परवडणारे नाही.

पुढची पायरी आर्टेमियाची. हा खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या कुळातला बारीक जीव. त्याची सुकी अंडी मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चिमूटभर अंडी टाकावी आणि पंपाची हवा सोडावी. 24 ते 36 तासांत नारिंगी रंगाची पिले बाहेर येतात. प्रत्येक जेमतेम अर्धा मिलिमीटर. रिकामी टरफले वर तरंगू द्यावी, पिले तेवढी बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन माशांना द्यावी. ताजी द्यावी, कारण दिवस उलटला की त्यांच्यातला कस कमी होतो. गप्पी-मोलीची पिले ती पहिल्या दिवसापासून खातात.

मग अंड्याचा बलक वाईट का? वाईट नाही, पण त्याचे प्रमाण सांभाळावे लागते. कडक उकडलेल्या बलकाचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा मलमलीत बांधून वाटीभर पाण्यात पिळावा आणि त्या पाण्याचे काही थेंबच द्यावे. तेही आठवड्यातून एक-दोनदा. मोली आणि गप्पी यांना हिरवे खाद्यही लागते. उकडलेला पालक चोळून किंवा स्पिरुलिनाची पूड चिमटीने द्यावी. मोठ्या माशांचे विकतचे दाणेही चालतात, पण दोन बोटांत चुरून अगदी पिठासारखे करून. पाव, मुरमुरे, शिळा भात टाकू नये. एकाच खाद्यावर वाढवलेली पिले खुरटतात, रंगही फिका राहतो. सकाळी आर्टेमिया, दुपारी पूड, संध्याकाळी पालक, असा फेर ठेवला की कशाची उणीव राहत नाही.

किती द्यायचे? पिलाचे पोट टाचणीच्या टोकाएवढे. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, पण पाच मिनिटांत संपेल एवढेच. उरलेले नळीने काढून टाकावे. रोज थोडे पाणी बदलावे आणि नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. रात्री खाऊ नको. अंधारात पिलांना तो दिसत नाही, नुसता कुजतो.

आपल्या भागात ऋतूचा विचारही हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि उरलेले अन्न लवकर सडते. उन्हाळ्यात घास आणखी लहान करा आणि पेटी खिडकीपासून दूर ठेवा. डिसेंबरच्या थंडीत पिले मंदावतात, खातातही कमी. मागील महिन्याचे प्रमाण तसेच चालू ठेवू नका.

एवढे केले की दोन-तीन महिन्यांत पिले वयात येतात आणि पेटी अपुरी पडते. मग ती शेजाऱ्यांना, शाळेला द्या. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवताप रोखण्यासाठी ते साठवलेल्या पाण्यात सोडले जातात, हे आपण जाणतोच. मात्र धाम नदीत किंवा बोर धरणात ते सोडू नका. तिथल्या मूळ माशांच्या पिलांनाही त्यांचा घास लागतो.

मुलीने दुसऱ्यांदा वाढवलेल्या पिलांपैकी 22 जगली. खाऊची चिमूट तिच्याच हातात होती, माझ्या नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)